म्होरकीच्या गळ्यातली घंटा

त्या एप्रिलमध्ये गावातल्या बायकांची खात्री पटली की बोनारियाचं डोकं फिरलंय. वाटेत कुणाचाही कळप दिसला की मी थांबायची आणि कान द्यायची. पावाची टोपली कमरेवर, डोळे मिटलेले, समोरून दोनशे मेंढ्या किणकिणत चाललेल्या. दुकानातली मिकेला एकदा म्हणालीच, "काय गं, मेंढ्यांचा कबुलीजबाब ऐकतेस का?"

"तुझ्यापेक्षा कमीच पापं निघतील त्यांची," मी म्हटलं आणि पुढे झाले. एरवी अशा टोमण्यावर मी अर्धा तास भांडले असते. पण तेव्हा माझा पाय कुठे ठरत नव्हता. मी एक घंटा शोधत होते.

ती घंटा माझ्या बाबांनी घडवली होती. म्हणजे वरचा पत्रा डोंगरापलीकडच्या घंटावाल्यांचा. पण आमच्याकडे मेंढपाळ घंटा विकत घेतो ती मुकी. तिचा आवाज तो स्वतः लावतो. हातोडीने ठोकायचं, कान लावायचा, आतला लोलक बदलून बघायचा. कुणी हाडाचा लोलक घालतं, कुणी लोखंडाचा. आमचे बाबा, अंतियोगु पिरास, या कामात नावाजलेले. धुक्यात चार कळप मिसळले तरी आपला कुठला ते बसल्या जागी सांगायचे. आणि चांगल्या जड धातूचा तुकडा दिसला की त्यांचे डोळे लकाकायचे. हे माझ्या भावाला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि तिथेच घात झाला.

भाऊ म्हणजे बाकीस. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याचं नाक पुसण्यापासून सगळं मी केलं. मेंढ्यांत राहायचं नाही आणि गावात दुसरं काम नाही म्हटल्यावर आमच्या बेटावरची निम्मी पोरं जातात तसा तोही सैन्यात गेला. दोन हजार साली त्याला कोसोव्होला धाडलं. लढाई संपली होती, हे शांतता राखायला. लढाई संपली म्हणून मी देवळात दोन मेणबत्त्या लावल्या. कसली संपते!

नाताळच्या रजेवर आला तेव्हा बाबांसाठी त्याने मोज्यात गुंडाळून एक भेट आणली. बोटाएवढी जाड, बोटाहून जराशी लांब, काळपट कांडी. एका जळक्या रणगाड्यापाशी त्यांचा पहारा असायचा. उन्हात तो रणगाडाच काय तो कोरडा आणि गरम, म्हणून त्यावर बसूनच ती पोरं जेवायची. तिथेच मातीत ही सापडली. बाबांनी ती तळहातावर घेतली आणि त्यांचा हात झपकन खाली गेला.

"अरे, शिशाहून जड आहे ही! कुठला धातू?"

"कुणास ठाऊक, बाबा. विमानातून मारलेल्या गोळीतला म्हणतात. तिथे पुष्कळ पडलंय."

"पुष्कळ पडलंय आणि तू एकच आणलीस? चिक्कू कुठला!"

अंगणात धार लावायचं चाक आहे. त्यावर बाबांनी कांडीच्या टोकाला खाच पाडायला घेतली, घंटेत लोलक म्हणून टांगायला तार बसावी म्हणून. आणि ठिणग्या उडाल्या. सुरीला धार लावताना उडतात तशा नव्हेत. पांढऱ्या, टपोऱ्या, हवेत जाऊन पुन्हा फुटणाऱ्या. माझी कादेरीना तेव्हा चार वर्षांची. ती टाळ्या पिटायला लागली. "आजोबा, अजून! आजोबा, अजून!" खाच पडून झाली होती, तरी नातीसाठी बाबा घासत राहिले. आणि पोरीला नीट दिसावं म्हणून मी तिला बगलेत धरून उचललं आणि पुढे केलं.

तो लोलक बसवल्यावर घंटेला जो आवाज आला, तसा आमच्या डोंगरात दुसरा नव्हता. खालचा, भरदार, किणकिण नाहीच. बाबांनी ती म्होरकीच्या, कळपापुढे चालणाऱ्या मेंढीच्या गळ्यात बांधली. बाकीस रजा संपवून परत गेला.

तीन वर्षांनी त्याच्या मानेत गाठ आली. मग काखेत. लसिकाग्रंथींचा कर्करोग, असं शहरातल्या इस्पितळात सांगितलं. सत्तावीस वर्षांचा पोरगा. औषधांच्या दोन फेऱ्या झाल्या, केस गेले, भुवया गेल्या, आणि तो आमच्याकडे येऊन चुलीपाशी बसला. बायको केलेली नव्हती. माझा नवरा तिकडे मुख्य भूमीवर कारखान्यात, त्यामुळे घरात मी, कादेरीना, बाबा आणि हा. गावाची निदानं सुरू झाली. कुणी म्हणे सिगरेटमुळे. बाबा म्हणाले दृष्ट, आणि पाण्यात गव्हाचे दाणे टाकून दृष्ट काढणाऱ्या म्हातारीला घेऊन आले. दाण्यांवर बुडबुडे आले. म्हातारी म्हणाली, मोठी दृष्ट आहे, परक्या मुलखातली. मी तिला हात धरून बाहेर घालवली. आता वाटतं, आमच्यात सगळ्यांत जवळपास तीच पोहोचली होती.

बाकीसच्या तुकडीतले आणखी दोघे आजारी होते. त्याने अर्ज केला, की माझं दुखणं नोकरीतून, तिथल्या धुळीतून आलंय असं नोंदवा. सहा महिन्यांनी संरक्षण खात्याचं पत्र आलं. 'सदर जवानाचा सदर पदार्थाशी संपर्क आल्याची नोंद आढळत नाही.' ते पत्र त्याने मिठाच्या बरणीमागे ठेवलं आणि दिवसातून दोनदा काढून वाचायचा.

"फाडून टाक ते," मी म्हटलं.

"बोनारी, मला बरं करा असं मी त्यांना म्हणतोय का? ते डॉक्टरांचं काम आहे, जमलं तर करतील. तू तिथे होतास, त्या धुळीत जेवलास, एवढं तरी लिहा ना. हे म्हणतात मी तिथे नव्हतोच. मग मी कशाने मरतोय? आपल्या आपण?"

मी उगाच चुलीतली लाकडं हलवली.

मग वकीलबाई देलोगु आल्या. अशी प्रकरणं लढणारी बाई, अंगाने पाप्याचं पितर, पण आवाज पोलिसाचा. आमच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी दोन कप कॉफी घेतली आणि सांगितलं की त्या पत्रावर हरकत घ्यायला वीस दिवस उरलेत. "तिथून आणलेलं काही आहे? कपडे, बूट, माती, काहीही?"

बाकीसने माझ्याकडे पाहिलं. "एक कांडी होती," तो म्हणाला.

त्याने वर्णन केलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. युरेनियम, त्या म्हणाल्या. कामाचा भाग काढून घेतल्यावर उरतं ते. भयंकर जड, रणगाड्याचं पोलाद फोडून आरपार जातं आणि जाताना जळतं, त्याची धूळ होते. तुकडा नुसता कोपऱ्यात पडला असेल तर फारसं भय नाही. धूळ छातीत गेली तर वाईट. "किती वाईट, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. खात्याला तेच हवंय. पण ती कांडी मिळाली तर 'संपर्क नाही' हे वाक्य त्यांना खोडावं लागेल. ती कुणी कापली, घासली नाही ना?"

टेबलाच्या त्या टोकाला कादेरीना गृहपाठ करत होती. आता आठ वर्षांची, पुढचे दोन दात नुकते आलेले. पेन्सिल चावत बसली होती.

"नाही," मी म्हटलं. बाकीसने घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली. ठिणग्या उडाल्या त्या दिवशी तोही अंगणात होता.

वकीलबाई येऊन गेल्या तेव्हापासून माझी झोप, भूक, बसणं, सगळं उडालं. ती कांडी तीच निघाली तर माझा भाऊ खरा ठरणार होता. आणि ती तीच निघाली तर मी माझी पोर स्वतःच्या हातांनी त्या ठिणग्यांत धरली होती. एका घटकेला मी देवाला म्हणायची, तीच निघू दे. दुसऱ्या घटकेला म्हणायची, साधं शिसं निघू दे. देवालाही कळेना झालं असेल की ही बाई नक्की मागतेय काय. कादेरीना खोकली की मी पीठ मळायची थांबायची. आंघोळ घालताना तिची मान चाचपायची. "आई, गुदगुल्या होतात," ती ओरडायची.

आणि घंटा तर आमच्याकडे नव्हतीच.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात वणवा आला आणि पलीकडच्या डोंगरावरच्या बोबोरेचं मेंढ्यांचं वाडगं जळालं. दीडशे मेंढ्या गेल्या. अशा वेळी आमच्यात परादुरा करतात. ज्याचा कळप गेला त्याला प्रत्येक मेंढपाळ एकेक मेंढी देतो. मरतुकडी नव्हे, चांगली, गाभण. देणाऱ्याने दिलं म्हणून सांगायचं नाही, घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत. घेतलं की तो पुन्हा सगळ्यांसारखा मेंढपाळ, कुणाचा मिंधा नाही. बाबांनी आपली म्होरकी दिली.

"अहो, घंटा तरी काढून घ्या," मी तेव्हा म्हटलं होतं.

"अंगावरचे दागिने उतरवून कुणी लेक सासरी धाडतं का?" बाबा म्हणाले, आणि मेंढी घंटेसकट गेली.

वकीलबाई गेल्या त्या संध्याकाळी बाबा चीजसाठी दूध ढवळत होते. मी म्हटलं, "बाबा, बोबोरेकडून ती घंटा परत आणायला हवी. बाकीसच्या कामाला लागते."

त्यांचा हात थांबला नाही. "परादुराची वस्तू परत मागायची? माझ्या बापाने कधी ऐकलं नाही, त्याच्या बापाने नाही. मी मेल्यावर माग."

"आणि तुमच्या आधी बाकीस मेला तर?"

"घंटेने कुणी जगत नाही आणि कुणी मरत नाही, बोनारिया. तोंड सांभाळून बोल."

पुढे बोलायचं तर ठिणग्यांचं सांगावं लागलं असतं. मी कढईकडे बघत उभी राहिले. सत्तरीचा माणूस, एक पोरगा चुलीपाशी खंगतोय, नात म्हणजे जीव की प्राण. त्याला कुठल्या तोंडाने सांगू, की तुम्ही जे घासलंत ते विष होतं? माझी जीभ रेटेना. मी ठरवलं, चोरायची. गपचूप कळप गाठायचा, पट्टा सोडायचा, घंटा पिशवीत टाकायची, दुसरी बांधायची. म्हणून मी डोंगर तुडवत होते. बोबोरे वसंतात एका जागी राहत नाही, आणि त्याचा कळप कुठे आहे असं विचारलं असतं तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं.

बाराव्या दिवशी सुवरांच्या ओढ्यापाशी मला ती ऐकू आली. झाडीतून तो खालचा, भरदार आवाज. म्होरकी मला ओळखून आली असेल किंवा पावाच्या वासाने. हातातला तुकडा खात उभी राहिली. मी गुडघ्यावर बसून पट्ट्याची खुंटी सोडवू लागले. दोन वर्षांच्या पावसाने लाकूड फुगलं होतं, निघता निघेना. मी दात लावले.

"मेंढीचं चुंबन घेतेस का गळा चावतेस?"

मागे बोबोरे उभा. त्सिऊ बोबोरे म्हणायचं आम्ही, गावातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याला म्हणतात तसं. कमरेत वाकलेला, हातात काठी, टोपीखाली दोन बारीक डोळे.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "त्सिऊ बोबोरे, मी... आमच्या आईची आठवण आहे हो ही घंटा..."

"तुझी आई गेली तेव्हा ही घंटा पत्र्यातसुद्धा नव्हती. अंतियोगुची पोर आणि घंटाचोर! शेजारणीची कोंबडी चोरली असतीस तर समजलो असतो. परादुराची वस्तू?"

"मग काय करू?" मी ओरडले. मेंढ्या बिथरल्या. "तुमच्या रीतीला कवटाळून बसू आणि भावाला पुरू?" आणि मग ते सगळं बाहेर आलं. रणगाडा, कांडी, खात्याचं पत्र, वकीलबाई. तो काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता.

"दोन वर्षं माझ्या वाडग्यात आहे ही," तो हळूच म्हणाला. "माझी सून हिचं दूध काढते."

"नुसती टांगलेली असली तर फार भय नाही म्हणतात. घासली तर. धुळीने."

"आणि घासली कुणी?"

"बाबांनी."

"तेव्हा कोण होतं तिथे?"

इतक्या दिवसांत मी हे कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं. नवऱ्याला फोनवरसुद्धा नाही. त्या ओढ्याकाठी, मेंढीच्या गळ्यात हात अडकलेला असताना मी एका परक्या म्हाताऱ्याला सांगितलं, की मी माझ्या पोरीला उचलून त्या ठिणग्यांपुढे धरलं. आणि मी हमसून हमसून रडले. तो जवळ आला नाही. माझं रडणं आटपल्यावर म्हणाला, "आता घरी जा."

"आणि घंटा?"

"परादुराची वस्तू अशी रानात कुणाच्या हातावर ठेवत नसतात."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या दाढीपासून सुरुवात करून त्याच्या आजोबांपर्यंत गेले. त्याने शीळ घातली आणि कळप घेऊन वर निघून गेला. तो आवाज मला टेकडीपलीकडे जाईपर्यंत ऐकू येत होता. आठ दिवस उरले होते.

दोन दिवसांनी, रविवारी, मी अंगणात कपडे वाळत घालत असताना गल्लीतून तो आवाज आला. मला भास वाटला. मग सगळ्या खिडक्या उघडल्या. त्सिऊ बोबोरे चढावरून येत होता. सणाचा मखमली कोट घातलेला, पांढरा सदरा गळ्यापर्यंत बटणं लावून, हातात दोरी आणि दोरीला म्होरकी. मिकेला दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला बोलायला काही सुचलं नाही.

बाबा दारात आले. बोबोरेने टोपी काढली.

"अंतियोगु, तुझ्या घराला आग लागलीय आणि मला आत्ता कळलं. उशीर झाला. परादुरा घेऊन आलोय."

बाबांनी मेंढीकडे पाहिलं. घंटेकडे पाहिलं. मग माझ्याकडे, आणि त्या नजरेने मी ओला टॉवेल छातीशी धरला. परादुरा नाकारता येत नाही. नाकारणं म्हणजे तोंडावर थुंकणं. बाबांनी हात पुढे केला आणि दोरी घेतली. आभार मानायचे नसतात, त्यांनी मानले नाहीत.

"तुझी पोर काहीतरी सांगायची राहिलीय," बोबोरे टोपी घालत म्हणाला. "ऐकून घे. तिला शिव्या मात्र छान येतात हो, अगदी आईच्या वळणावर गेलीय." आणि कॉफीला न थांबता तो उतार उतरून गेला.

मी सांगितलं. तिथेच, अंगणात, दोरी त्यांच्या हातात असताना. त्यांनी मला मधे थांबवलं नाही. सगळं झाल्यावर एवढंच विचारलं, "त्या ठिणग्या?"

"हो, बाबा."

ते चाकापाशी गेले. पोतं आणून त्यावर घातलं, दगड ठेवला, आणि मेंढी बांधून आत गेले. दिवसभर ते बाकीसच्या समोर बसून होते.

बुधवारी वकीलबाई एका माणसाला घेऊन आल्या. विद्यापीठातला शिक्षक, लाजरा, बुटांच्या नाड्या सुटलेल्या. त्याच्याकडे हातात धरायचं एक यंत्र होतं. कादेरीनाला मी मिकेलाकडे पाठवलं होतं. बाकीस घोंगडी पांघरून अंगणात खुर्चीवर बसला. घंटा दगडी ओट्यावर वर्तमानपत्रावर ठेवली होती. त्या माणसाने हातमोजे घातले आणि यंत्र सुरू केलं. टिक. थोड्या वेळाने पुन्हा टिक. "हे असंच असतं, कुठेही," तो म्हणाला. "हवेत, दगडात, सगळीकडे."

मग त्याने घंटा उलटी केली. आत पिवळट काळी पूड धरली होती. त्याने यंत्र कांडीजवळ नेलं आणि ते तडतडायला लागलं, तापल्या कढईत लाह्या फुटाव्या तसं, टिक आणि टिकच्या मधे जागाच नाही. प्रयोगशाळेत खात्री करावी लागेल, तो म्हणाला, पण त्याला शंका नव्हती.

बाकीस हसला. किती महिन्यांनी! भुवया नसलेला तो चेहरा, पण हसू लहानपणीचंच. "ऐकलंस, बोनारी? मी होतो तिथे. ऐकलंस ना?" त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो पुसत नव्हता. मी त्याचं डोकं पोटाशी धरलं. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. आणि त्याच क्षणी माझी नजर पोत्याखालच्या चाकाकडे गेली होती, हेही खरं. मी त्याला धरलं होतं की त्याचा आधार घेतला होता, मला सांगता येणार नाही.

"इथे घासल्याच्या खुणा आहेत," तो माणूस खाच बघत म्हणाला.

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही नाही म्हणाला होतात."

मी तोंड उघडलं, पण बाबा पुढे आले. त्यांनी टोपी काढून खिशात कोंबली.

"मी घासली. लिहा. अंतियोगु पिरास, मेंढपाळ. पोराने मला दिली ती नाताळच्या आदल्या दिवशी, मोज्यातून. तो रणगाडा, तिथलं त्यांचं जेवण, सगळं त्याने तेव्हाच सांगितलं होतं, मी साक्षीला आहे. मी या चाकावर घासली. गरज होती त्याहून जास्त घासली." ते चाकापासून चालत निघाले, एक, दोन, तीन पावलं, आणि थांबले. "इथे माझी नात होती. चार वर्षांची. तिच्या आईने तिला उचललं होतं, पण तिचा दोष नाही. मीच म्हटलं, पोरीला पुढे आण."

ते असं म्हणाले नव्हते. मला ती दुपार अक्षरन् अक्षर पाठ आहे. ते काहीच म्हणाले नव्हते. माझ्या बापाने सत्तर वर्षांत मेंढीच्या वयाबद्दलसुद्धा खोटं सांगितलं नव्हतं, आणि आता सरकारी कागदावर सांगत होता.

"खोटं आहे ते," मी म्हटलं. "मी आपणहून पुढे केलं. तेही लिहा."

"मधे बोलू नकोस."

"बोलणार. माझी पोर आहे."

"दोघांचंही लिहिते," वकीलबाई म्हणाल्या. त्यांचा पोलिसाचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. अंगण तपासायला माणसं येतील, त्यांनी सांगितलं. चाक नेतील, वरची माती खरवडून नेतील. बाबांची आणि मुलीची लघवी तपासता येईल. इतक्या वर्षांनी बहुतेक काही सापडत नाही. सापडलं नाही म्हणजे काही झालंच नाही, असंही नाही. त्यांनी कागद बाबांपुढे सरकवला.

बाबांनी पेन घेतलं नाही. त्यांनी बाह्या कोपरापर्यंत वर केल्या आणि दोन्ही हात त्या माणसापुढे धरले, तळवे वर.

"आधी हे बघा."

"त्सिऊ, चार वर्षं झाली, हातावर काही राहत नाही," तो माणूस गडबडून म्हणाला. "तुम्ही हजारदा हात धुतले असतील."

"बघा तरी. याच हातांनी मी चीज करतो. पोरीला भरवतो."

त्याने यंत्र तळव्यांवरून फिरवलं. टिक. बऱ्याच वेळाने टिक. बोटांवरून, नखांवरून. हवेत वाजत होतं तेवढंच.

"काही नाही, बघा. स्वच्छ आहेत."

"पुन्हा बघा," बाबा म्हणाले. त्या माणसाने पुन्हा यंत्र फिरवलं. खुंट्याला बांधलेली म्होरकी, गळा मोकळा झालेला, एकसारखी मान झटकत होती. गल्लीतून कादेरीनाची हाक आली, "आजोबा, येऊ का आता?" बाबांचे हात तसेच पुढे होते.